सुभेदार मेजर जॉन

मास्टर चीफ हा हुद्दा आपल्या नौदलातही आहे. पूर्ण नाव मास्टर चीफ पेटी ऑफिसर, आणि त्यातही पहिली श्रेणी, दुसरी श्रेणी. पहिल्या श्रेणीचा मास्टर चीफ म्हणजे भूदलातल्या सुभेदार मेजरच्या तोडीचा माणूस. खालून एकेक पायरी चढत आलेला, नवे अधिकारीही ज्याच्याशी जरा जपून बोलतात असा. 'हेलो' या व्हिडिओ गेमचा जगप्रसिद्ध नायक, मास्टर चीफ, मुळात एवढाच आहे, हे मला फार आवडतं. ना कॅप्टन, ना जनरल. सव्विसावं शतक, सातेक फूट उंची, हिरवं चिलखत, सोनेरी काचेचं हेल्मेट, नाव जॉन, क्रमांक ११७. पृथ्वी वाचवून झाली तरी बढतीचा पत्ता नाही.

१५ नोव्हेंबर २००१ ला अमेरिकेत एक्सबॉक्स हा गेम खेळायचा कन्सोल विक्रीला आला, आणि त्याच दिवशी बंजी कंपनीचा पहिला 'हेलो'ही. तेव्हापासून मुख्य गेम्समध्ये या माणसाचा चेहरा कधीच धड दाखवलेला नाही. पहिल्या गेमच्या शेवटी तो हेल्मेट काढतो, पण नेमका त्याच क्षणी कॅमेरा वर सरकतो. ही थट्टा लोकांनी वर्षानुवर्षं सहन केली. बोलणंही तसंच, मोजूनमापून. खेळ तुमच्या हातात असताना तो सुरुवातीच्या गेम्समध्ये जवळजवळ मुकाच असतो. मधल्या कटसीनमध्ये, म्हणजे नुसत्या बघायच्या दृश्यांत, काय दोनचार वाक्यं येतील तेवढीच. आवाज स्टीव्ह डाउन्स यांचा. शिकागोच्या रेडिओवर रॉक संगीताचे कार्यक्रम करणारा हा माणूस, म्हणजे बोलण्यावरच पोट असलेला, आणि इथे त्याला पैसे मिळाले ते न बोलण्याचे.

यावर एक ठरलेलं स्पष्टीकरण आहे. नायक रिकामा ठेवला की खेळणारा त्यात स्वतःला बसवतो, चेहरा नसला की तो चेहरा आपला होतो, वगैरे. करणाऱ्यांच्या मनात हे होतंच, त्यात वाद नाही. पण मला ते अर्धंच पटतं. रिकाम्या खोक्याच्या आठवणी कशा राहतील? मला मात्र चीफ कुठे कुठे थांबला ते नेमकं आठवतं. बोलण्याआधी, वळण्याआधी, हुकूम पाळण्याआधी तो अर्धा सेकंद थांबतो. मालिकेतली सगळी भावना मला तिथे सापडली. त्या अर्ध्या सेकंदात काय काय साठलेलं आहे ते कळायला त्याचं लहानपण माहीत हवं, आणि ते गेममध्ये फारसं नाही. ते आहे एरिक नायलंड यांच्या 'द फॉल ऑफ रीच' या कादंबरीत. तीही २००१ चीच.

जॉन सहा वर्षांचा असताना डॉक्टर कॅथरीन हॅल्सी नावाची शास्त्रज्ञ त्याला बघायला येते. शाळेच्या मैदानावर पोरांचा खेळ चाललेला असतो. टेकाडावर जो टिकेल तो राजा, आणि राजा अर्थात हाच. ती एक जुनं नाणं उडवते आणि छाप की काटा विचारते. पोरगं नाणं हवेतच झडप घालून पकडतं आणि सांगतं, गरुड. गरुडच असतो. पुढे काही आठवड्यांत त्याला घरातून उचलतात आणि त्याच्या जागी झटपट वाढवलेली हुबेहूब प्रतिकृती ठेवतात. ती लवकरच आजारी पडून मरणार हे आधीच ठरलेलं. म्हणजे आईबापांनी आपलं पोर गेलं म्हणून रीतसर रडून घेतलं, आणि पोर तिकडे कवायत शिकत होतं. अशी ७५ मुलं. चौदाव्या वर्षी त्यांच्या शरीरांवर जे प्रयोग झाले त्यातून धडधाकट बाहेर आली ३३.

या सगळ्यात माझं लक्ष अडकलं ते एका फुटकळ प्रसंगावर. प्रशिक्षणाच्या सुरुवातीला अडथळ्यांची शर्यत असते, तिघातिघांचे गट, शेवटी घंटा वाजवायची. जॉन सुसाट सुटतो, पहिला येतो, घंटा बडवतो. त्याचे दोन्ही सोबती, सॅम आणि केली, मागे राहतात. निकाल काय, तर गट हरला, आणि हरलेल्या गटाला रात्रीचं जेवण नाही. एकट्याने पहिलं येऊन ताट मिळत नाही हे त्याला सहाव्या वर्षी उपाशीपोटी कळलं. आणि पुढे आयुष्यभर नशिबी काय आलं? एकट्यानेच पोहोचणं. सॅम पहिल्याच मोठ्या मोहिमेत गेला. शत्रूच्या जहाजात त्याचं चिलखत फाटलं, आणि परतायची वाट अवकाशातून होती. फाटक्या चिलखतात ते शक्य नव्हतं. जॉन त्याला तिथे ठेवून निघाला. तेव्हा दोघंही चौदा वर्षांचे होते. आपल्याकडे या वयाला नववीचं टेन्शन असतं.

हे माहीत असलं की 'हेलो ३'चा शेवट निराळाच दिसतो. सार्जंट मेजर जॉन्सन हा चीफच्या अगदी उलट, तोंडात सिगार, अखंड बडबड, मरण समोर असतानाही टोमणे. शेवटच्या लेव्हलला त्याला लेझरचा झोत बसतो. चीफ धावत जातो, तुला बाहेर काढतो म्हणतो. जॉन्सन म्हणतो, नाही, ते काही होत नाही. मग तो चीफच्या हातात कॉर्टानाची (ती कोण ते पुढे येईलच) चिप देतो आणि बजावतो की हिला सोडू नकोस, कधीच सोडू नकोस. आणि जातो. हात सैल पडतो.

चीफ काहीच बोलत नाही. बोलणार तरी काय म्हणा. पण खरी गंमत पुढे आहे (गंमत हा शब्द इथे चुकीचाच, पण असो). चित्रपटात असता तर इथे पाऊस पडला असता, व्हायोलिन वाजली असती, नायकाने मूठ आवळली असती. इथे पायाखालची जमीन कोसळायला लागते, आणि पुढच्याच मिनिटाला तुम्ही वॉर्टहॉग या जीपवर स्वार होऊन, तुटून पडणाऱ्या लाद्यांवरून जीव घेऊन पळत असता. संगीत तर चक्क स्फुरण चढवणारं. मित्र जाऊन दोन मिनिटं झालेली नसतात, आणि आपण डावीकडे कट मारू की उजवीकडे या विवंचनेत. कंट्रोलर घामाने निसरडा. मी ती जीप कितीदा दरीत घातली असेल! आणि दर वेळी नव्याने सुरू करताना मनात यायचं की अरे, हा गडी रडला कधी? त्याला रडायला वेळच नव्हता, आणि तो नसलेला वेळ गेमने माझ्या अंगठ्यांत आणून ठेवला. हे कादंबरीला जमणार नाही, सिनेमालाही नाही.

कॉर्टाना म्हणजे त्याची सहकारी एआय. अंगावरून आकडे वाहणारी निळी पारदर्शक आकृती, हॅल्सीच्याच मेंदूवरून बनवलेली, चिपमध्ये राहून चीफच्या हेल्मेटमध्ये बसणारी. आवाज जेन टेलर यांचा. ती त्याच्या वाटचंही बोलते. २०१२ च्या 'हेलो ४' मध्ये तिचं आयुष्य संपत आलेलं असतं. अशा एआय साधारण सात वर्षं चालतात, मग विचारांचा इतका गुंता होतो की त्यांना वेड लागतं. कॉर्टानाला आठवं चालू असतं.

हा भाग मी खेळत होतो तेव्हा आई शेजारी गवार निवडत बसली होती. तिने विचारलं, ही निळी बाई कोण रे? मी सांगितलं की ती खरी नाही, चिप आहे, त्याच्या हेल्मेटमध्ये असते.

"म्हणजे डोक्यातच बसलीय?"

"हो."

"मग त्याला बोलायची गरज काय!"

आणि थोड्या वेळाने, "हा ते डोक्यावरचं न काढता जेवतो कसा?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. पुढे कॉर्टानाचा एकदम तोल जातो, ती किंचाळते, मग खजील होते. चीफ म्हणतो की पृथ्वीवर परत जाऊ, हॅल्सीला गाठू, ती तुला बरं करेल. आईने गवारीची शीर ओढत शेरा मारला, "झालं. दुखतंय म्हटलं की लगेच डॉक्टर सुचवायचा. तिला काय वाटतंय ते ऐकून घ्यायचं नाही."

मी चिडलो, कारण गेम पॉझ करून चीफची बाजू मांडायला गेलो आणि मांडता येईना. बरोबर होतं तिचं. जॉनला फक्त मोहिमा माहीत. कुणाचं काही बिघडलं की त्याला त्यातून एक ठिकाण काढायचं असतं, तिथवरचा रस्ता, वाटेतले शत्रू. हॅल्सी, पृथ्वी, दुरुस्ती. कॉर्टाना मरतेय आणि ते तिला ठाऊक आहे, तिला फक्त त्याच्याशी बोलायचंय, यासाठी त्याच्याकडे नकाशाच नाही.

पण त्याच गेममध्ये तो प्रसंगही येतो. जहाजाचा कप्तान डेल रिओ हुकूम देतो की ही बिघडलेली एआय ताब्यात दे. सहाव्या वर्षापासून हुकूम पाळण्यावरच वाढवलेला माणूस. तो चिप स्वतःकडे ठेवतो आणि म्हणतो, "नाही, सर." बस. आवाज चढत नाही, भाषण नाही, कोर्ट मार्शलच्या भीतीचा लवलेश नाही. त्यातही 'सर' सुटत नाही, हे विशेष. मला विचाराल तर सबंध मालिकेतला सर्वात मोठा भावनिक स्फोट तो हाच.

शेवटी अणुबाँब त्याला हाताने उडवावा लागतो, आणि तो तुम्हालाच उडवायला लावतात. चीफ जमिनीवरून सरपटत जातो, तुम्ही कंट्रोलरची काठी पुढे ढकलत राहता, मग बटण. नंतर पुन्हा खेळताना मी तिथे पॉझ करून चहा टाकला, कारण पुढचं माहीत होतं. बाँब फुटतो आणि तो वाचतो, कारण तिने तिच्यातली उरलीसुरली शक्ती त्याच्याभोवती कवच करायला वापरली. त्या कवचात ती पहिल्यांदाच माणसाएवढी होऊन समोर उभी राहते आणि त्याच्या छातीवर हात ठेवते. तुझी काळजी घेणं हे माझं काम होतं, असं तो म्हणतो. बघा, इथेही 'काम'च! ती म्हणते, एकमेकांची घ्यायची होती, आणि घेतलीच की. सर्वात अवघड पातळीवर, म्हणजे लेजंडरीवर, गेम संपवला तर सगळ्यात शेवटी त्याचे डोळे दाखवतात. एवढे कष्ट केल्यावर बक्षीस म्हणून दोन थकलेले डोळे. मला ते यूट्यूबवर बघावे लागले, हे सांगून टाकतो.

'हेलो ५' बद्दल मी बोलत नाही. तिथे कॉर्टाना परत येते ती खलनायिका होऊन, आणि चीफ अर्ध्याहून जास्त वेळ दिसतच नाही.

२०२२ मध्ये दूरदर्शन मालिका आली, पॅरामाउंट प्लसवर. पाब्लो श्रायबर यांनी पहिल्याच भागात हेल्मेट काढलं आणि चाहत्यांनी आकाशपाताळ एक केलं. मी त्या भांडणात नव्हतो. चेहरा दिसला तर दिसला, श्रायबर नट म्हणून वाईटही नाहीत. पण चेहरा आला की अभिनय आला. दुःख झालं की भुवई आली, राग आला की जबडा. सगळं दिसायला लागलं आणि त्यामुळे थांबणं गेलं. तो अर्धा सेकंद कुणी राखलाच नाही. दोन हंगामांनंतर, २०२४ मध्ये मालिका बंद पडली. त्याची कारणं इतरही असतील, मला आपलं हे एक दिसतं.

२०२१ च्या 'हेलो इन्फिनिट' मध्ये चीफला अवकाशातून उचलून घेणारा एक वैमानिक आहे. सैनिकी बाणा शून्य, सतत घाबरलेला, घरी बायको-मुलगी. एका क्षणी तो फुटतो. कबूल करतो की मी वैमानिक नाहीच, हे यान चोरून मी पळालो होतो, सगळे मरत होते आणि मी पळालो. जुना चीफ असता तर पुढच्या ठिकाणाचा पत्ता देऊन मोकळा झाला असता. इथे तो त्याचं सगळं ऐकून घेतो. आणि मग, त्याच्या मानाने बरंच लांबलचक, अशा अर्थाचं बोलतो की हरतात सगळेच, चुकतात सगळेच, माणूस म्हटला की ते आलंच. त्या 'सगळेच' मध्ये सॅम आहे, जॉन्सन आहे, कॉर्टाना आहे. वैमानिकाला यातलं काही माहीत नाही, गेमही नावं घेत नाही. आईला हा प्रसंग मी मुद्दाम बोलावून दाखवला. "सुधारला म्हणायचा," ती म्हणाली, आणि भाजी लागेल म्हणून उठून गेली.

आता पहिल्याच गेमची नवी आवृत्ती येणार असल्याचं २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये जाहीर झालं, तीही चक्क प्लेस्टेशनवर, म्हणजे एक्सबॉक्सच्या प्रतिस्पर्धी कन्सोलवर. एक्सबॉक्सवाल्यांच्या दृष्टीने हा धर्मच बुडाला, पण ते भांडण त्यांना लखलाभ. त्यात आधीच्या काळातल्या तीन नव्या मोहिमा आहेत, चीफ आणि जॉन्सन दोघंच. जॉन्सन त्यात यथेच्छ बडबडणार, सिगार चावणार, चीफला उगाच डिवचणार. ग्राफिक्स कसे आहेत ते बाकीचे बघतीलच. मी बघणार आहे की जॉन्सनच्या एखाद्या फालतू विनोदावर चीफ उत्तर द्यायला किती वेळ घेतो.