अर्धवेळ कमाईत कॉलेज आणि लॅपटॉप

अर्धवेळ काम करून शिकणाऱ्या मुलामुलींच्या हिशोबात एक गफलत हमखास होते, ती म्हणजे चांगल्या महिन्यात हाती पडणारी रक्कम हेच आपले मासिक उत्पन्न समजले जाते. मी पुण्यात संगणक अभियांत्रिकी शिकते आणि संध्याकाळी आठवी ते दहावीच्या मुलांच्या शिकवण्या घेते. त्याचे महिन्याला ७,००० रुपये मिळतात. परंतु एप्रिल-मेमध्ये शाळांना सुट्टी असते आणि नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये माझ्याच सत्र परीक्षा असतात, त्यामुळे शिकवणी वर्षातले जेमतेम आठ महिने चालते. म्हणजे वर्षाचे ५६,००० रुपये, आणि त्याला बाराने भागले की महिन्याला साधारण ४,६६० रुपये. माझे सगळे खर्च मी या दुसऱ्या आकड्यावर बसवते. वरचे पैसे वेगळ्या खात्यात जातात आणि रिकाम्या महिन्यांत तिथूनच परत येतात. ‘कमवा व शिका’ योजनेत काम करणाऱ्या माझ्या मैत्रिणींनाही हेच लागू पडते, कारण तिथेही मानधन तासांवर मिळते आणि परीक्षा आली की तास कमी होतात.

शुल्काच्या बाबतीत २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून मोठा दिलासा मिळाला. आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण व परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत आहे. पूर्वी ती निम्मी होती. मात्र त्यासाठी प्रवेश सरकारच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून झालेला असावा लागतो, आणि महाडीबीटी या राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळावरचा अर्ज, उत्पन्नाचा दाखला व आधारशी जोडलेले बँक खाते ही कामे वेळेत उरकावी लागतात. खोलीतल्या कॉटचे भाडे व मेसचे पैसे आईवडील पाठवतात, म्हणून गावी जाताना मी खाडे आधी सांगून ठेवते. तेवढेच त्यांचे पैसे वाचतात. जर्नल, झेरॉक्स, प्रिंटआउट, बसचा पास, मोबाइलचे रिचार्ज हा खर्च माझा, आणि सबमिशनच्या आठवड्यात तो एकदम फुगतो.

लॅपटॉप मी पहिल्या वर्षी घेतला नाही. त्या वर्षी गणित, भौतिकशास्त्र, ड्रॉइंग आणि सी भाषेची ओळख एवढेच असते. प्रयोगशाळेतले संगणक त्याला पुरतात. मिळालेल्या वेळात दरमहा दोन हजारांच्या आसपास बाजूला पडत गेले आणि दुसऱ्या वर्षी रोख खरेदी करता आली.

वर्गातल्या बहुतेकांनी हप्त्यांवर नवा लॅपटॉप घेतला, आणि घरात पगार येत असेल तर त्यात काही वावगे नाही. माझ्यासारखीने मात्र ५४,००० रुपयांचा लॅपटॉप बारा हप्त्यांत घेतला तर महिन्याला ४,५०० रुपये जातील, म्हणजे महिन्याची सरासरी कमाई जवळपास सगळीच. शिवाय ‘बिनव्याजी’ म्हटल्या जाणाऱ्या कार्डावरच्या हप्त्यांतही व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि प्रक्रिया शुल्क बहुधा आपल्याच माथी येते. शिकवणी बंद असलेल्या महिन्यातही हप्त्याची तारीख येतेच, आणि तो चुकला की दंडाच्या पुढे जाऊन पतगुणांकावर (क्रेडिट स्कोअरवर) परिणाम होतो, जो उद्या शैक्षणिक कर्ज घेताना आडवा येऊ शकतो.

म्हणून मी कंपन्यांनी काही वर्षे वापरून विकलेल्या लॅपटॉपकडे वळले. लेनोवोचे थिंकपॅड, डेलचे लॅटिट्यूड, एचपीचे एलिटबुक ही यंत्रे मुळात कार्यालयीन वापरासाठी बांधलेली असतात. त्यांचे सुटे भाग मिळतात आणि बऱ्याच मॉडेलमध्ये रॅम (स्मृती) व एसएसडी (साठवणीची डिस्क) नंतर बदलता येते. दुकानात आधी प्रोसेसरचा क्रमांक वाचावा. आय-फाइव्ह ७२००यू हा सातव्या पिढीचा, तर ८२५०यू हा आठव्या पिढीचा. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण इंटेलचे सातव्या पिढीचे प्रोसेसर, एखाददुसरा अपवाद सोडला तर, विंडोज ११ साठी मान्य नाहीत आणि विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. मग यंत्र बंद करून पुन्हा सुरू करायला लावावे आणि बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये, शिरून पाहावे; तिथे आधीच्या कंपनीचा पासवर्ड शिल्लक असेल तर ते यंत्र घेऊ नये. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमधून, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीतून, बॅटरी रिपोर्ट निघतो, त्यात मूळ क्षमता आणि आजची पूर्ण चार्जची क्षमता शेजारी शेजारी दिसतात. माझ्या यंत्रात दुसरा आकडा पहिल्याच्या निम्म्याहून थोडाच अधिक होता. तो रिपोर्ट दुकानदारासमोर ठेवल्यावर त्यांनी विनातक्रार बॅटरी बदलून दिली. बिजागऱ्या, प्रत्येक कळ, सगळे पोर्ट तपासण्यात अर्धा-पाऊण तास जातो, आणि चांगला दुकानदार तो वेळ देतो. बिलावर अनुक्रमांक व वॉरंटीचा कालावधी लिहून घ्यावा. तोंडी वॉरंटीवर मी पैसे दिले नसते.

यंत्रावर मी विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही कार्यप्रणाली आणि लेखन-तक्त्यांसाठी लिबरऑफिस टाकले आहे. दोन्ही मोफत आहेत आणि प्रोग्रामिंगच्या विषयांत त्यांनी कुठेच अडवलेले नाही. अंतिम वर्षाच्या प्रकल्पाला ग्राफिक्स कार्ड लागले तर गूगल कोलॅबची (इंटरनेटवरून गूगलचे संगणक वापरू देणाऱ्या सेवेची) मोफत मर्यादा आधी वापरून पाहणार आहे, आणि ती अपुरी पडली तर विभागाच्या प्रयोगशाळेतल्या यंत्रावर वेळ मागणार आहे; नव्या खरेदीसाठी सध्याच्या हिशोबात जागा नाही.