पात्यावर नाव टाकायचंय? इलेक्ट्रो-एचिंग मशीन घेण्याआधी हे वाचा

हाताने चाकू बनवायला लागलं की कधी ना कधी वाटतंच, पात्यावर आपलं नाव पाहिजे राव. आता नाव टाकायचे रस्ते बरेच आहेत. पंच, म्हणजे अक्षराचा ठसा, ठोकायचा तर पोलादाला पाणी द्यायच्या (तापवून कडक करायच्या) आधी, ते मऊ असतानाच ठोकावा लागतो, नंतर ठोकलात तर पंच तरी जाणार नाहीतर पातं. फायबर लेझर भारी, पण एका लोगोसाठी लेझर घेणं म्हणजे दारात हत्ती बांधणं. इलेक्ट्रो-एचिंगचं, म्हणजे विजेने आणि मिठाच्या पाण्याने नाव कोरण्याचं, बरं असं की पातं पाणी देऊन, घासून, पॉलिश होऊन तयार झाल्यावर शेवटी नाव टाकता येतं, उष्णता नावापुरती त्यामुळे टेंपरला (पात्याच्या कडकपणाला) धक्का नाही, आणि पोलाद कितीही कडक असलं तरी विजेला काय फरक पडतो.

प्रकार अगदी सोपाय. पात्यावर स्टेन्सिल (नावाची अक्षरं कापलेला साचा) चिकटवायचा, पात्याला पॉझिटिव्ह क्लिप लावायची, निगेटिव्ह वायर एका पॅडला, पॅडवर फेल्ट (जाड लोकरी कापड) आणि फेल्टला मिठाचं पाणी. पॅड टेकवला की स्टेन्सिलच्या उघड्या जागेतलं लोखंड विरघळून पाण्यात येतं. फॅरेडेच्या नियमाने हिशोब केला तर 1 अँपियर करंट 1 सेकंद चालला की साधारण 0.29 मिलिग्रॅम लोखंड निघतं, म्हणजे ऐकायला काहीच नाही, पण लोगोची जागाच एवढीशी असते की मिनिटभरात नखाला लागेल असा खड्डा पडतो. हे झालं डीसीचं, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेचं काम. मग स्विच एसीवर (दिशा सतत बदलणाऱ्या विजेवर) टाकून तीनचार सेकंद तोच पॅड टेकवला की खड्ड्यात काळा ऑक्साइड बसतो आणि अक्षरं उठून दिसायला लागतात. नुसत्या एसीनेही काळं नाव येतं, पण ते वरवरचं, वापरात आणि घासण्यात फिकं पडतं.

म्हणून मशीन घेताना मी पहिली गोष्ट बघतो ती एसी आणि डीसी दोन्ही आहे का. दुसरी, व्होल्टेज कमीजास्त करता येतं का, 24 व्होल्टच्या आतलं मशीन चाकूला भरपूर झालं. तिसरी, आत चांगला ट्रान्सफॉर्मर आणि फ्यूज आहे का. बाकी डिस्प्ले, टायमर, चकचकीत डबा यावर पैसे घालवू नका. सेकंद तोंडाने मोजता येतात. नुसतं करून बघायचं असेल तर 9 व्होल्टची साधी बॅटरीसुद्धा चालते, हळू होतं इतकंच. मोबाइल-लॅपटॉपचे चार्जर मात्र यात कुरकुर करतात, पॅड टेकला की त्यांना शॉर्ट झाल्यासारखं वाटतं आणि बंद पडतात. आणि भिंतीतल्या सॉकेटची वायर थेट पात्याला लावायचा विचारही नको, ट्रान्सफॉर्मर मध्ये असतो तो जीव वाचवायलाच.

पण खरं सांगू का, नाव चांगलं येणार की फिस्कटणार हे मशीन ठरवतच नाही, स्टेन्सिल ठरवतो. लोक मशीनवर महिनाभर रिसर्च करतात आणि स्टेन्सिल मिळेल तो लावतात! व्हिनाइल, म्हणजे स्टिकरचा चिकट प्लास्टिक कागद, कापून केलेला स्टेन्सिल एकदाच वापरायचा, मोठ्या ठळक अक्षरांना ठीक. पण देवनागरीत नाव असेल तर गंमत होते, व, ब, म यांच्या पोटातला छोटा तुकडा सुटा असतो, तो ट्रान्सफर टेपने (स्टेन्सिल उचलून पात्यावर बसवायच्या टेपने) नेमका जागेवर बसला नाही की सगळं पोट भरून काळा ठिपका. बारीक अक्षरात तर तो तुकडा डोळ्याला दिसतही नाही. फोटो स्टेन्सिलमध्ये, म्हणजे फोटोसारखा उजेडाने छापून केलेल्या स्टेन्सिलमध्ये, मागे जाळी असते, ती हे तुकडे धरून ठेवते, आणि नीट सांभाळला तर तोच स्टेन्सिल पुन्हा पुन्हा वापरता येतो. दोनचार चाकूंपुरतं असेल तर व्हिनाइल, नेहमीचं काम असेल तर सरळ फोटो स्टेन्सिल बनवून घ्या.

आता वापरताना. पातं अ‍ॅसिटोनने पुसा आणि मग बोट लावू नका, बोटाचं तेल लागलं की तिथे नाव पुसट येतं. स्टेन्सिलच्या चारी बाजूंनी टेप मारा, अगदी धारेपर्यंत, कारण पाण्याचा एक ओघळ पॉलिश केलेल्या पात्यावर डाग पाडायला पुरेसा आहे. फेल्ट ओलं हवं, गळकं नको, दाबलं की पाणी स्टेन्सिलखाली शिरतं आणि अक्षरांभोवती धुरकट कडा येते. पॅड तीनचार सेकंद टेकवा, चुर्रर्र आवाज येईल, थोडी वाफही दिसेल, उचला, काळा गाळ पुसा, परत टेकवा. घाईघाईत सलग धरून ठेवलं तर खाली गरम होतं, व्हिनाइलचा गोंद सुटतो आणि कडा उसवते. आणि काहीच होत नसेल तर आधी क्लिपा बघा, बहुतेक वेळा उलट्या लागलेल्या असतात.

डमास्कस (वेगवेगळ्या पोलादांचे थर जोडून केलेल्या नक्षीदार) पात्यावर डीसी जरा जास्त वेळ द्या, नाहीतर नाव नक्षीत हरवून जातं.

खिडकी उघडी ठेवा, हातमोजे घाला, विशेषतः स्टेनलेसवर काम करताना. त्यात क्रोमियम असतं आणि मिठाच्या पाण्यात डीसी चालवलं की त्याची विषारी संयुगं तयार होऊ शकतात, त्यामुळे तो गाळ बेसिनमध्येही ओतू नका, बाटलीत वेगळा साठवा. काम झालं की पात्यावर खायच्या सोड्याचं पाणी फिरवा, साध्या पाण्याने धुवा, कोरडं करून लगेच तेल लावा. कार्बन स्टीलवर मीठ राहिलं की गंज चढायला वेळ लागत नाही, चहा पिऊन येतो म्हणून सुद्धा थांबू नका. फोटो स्टेन्सिलही तेव्हाच धुवून सपाट ठेवून द्या, जाळीत मीठ वाळलं की पुढच्या वेळी अर्धी अक्षरं उठतच नाहीत.