घाटात चालणाऱ्या गाडीसाठी विश्वासाचे गॅरेज शोधताना

मी अचलपूर तालुक्यातील एका खेड्यात राहते आणि घटांगच्या पुढे, मेळघाटातील एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. परतवाडा–धारणी रस्त्यावरचा घाट माझ्या रोजच्या वाटेवर आहे. त्यामुळे गाडीचे ब्रेक नीट आहेत की नाहीत, हा प्रश्न माझ्यासाठी सवडीने पाहण्याचा नाही. गेल्या पावसाळ्याच्या शेवटी ब्रेक आणि सायलेन्सर दोन्ही एकदम बिघडले. हे काम कोणाच्या हाती द्यावे याचा शोध घेताना जे पाहिले आणि समजले, ते आमच्या भागातील वाहनधारकांना उपयोगी पडेल असे वाटल्याने लिहीत आहे.

आधी लक्षणे सांगते, कारण गॅरेजची परीक्षा तिथूनच सुरू होते. ब्रेक दाबला की पुढच्या चाकातून धातू घासल्यासारखा बारीक, तीक्ष्ण आवाज येत असे आणि गाडी उजवीकडे ओढ घेत असे. आपल्याकडे समोरचे वाहन उजव्या अंगाने येते. घाटाच्या वळणावर त्याच बाजूला ओढणारी गाडी किती धोक्याची, हे वेगळे सांगायला नको. सायलेन्सरचा आवाज फुटल्यासारखा झाला होता, काचा बंद असल्या की आत धुराचा वास येई आणि घरी पोचेपर्यंत माझे डोके जड होई. या शेवटच्या गोष्टीची मला ब्रेकइतकीच भीती वाटली. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला स्वतःचा रंगही नसतो आणि वासही नसतो. तो रक्तातील हिमोग्लोबिनला चिकटून प्राणवायूची जागा घेतो, आणि डोकेदुखी व गरगरणे ही त्याची पहिली चिन्हे असू शकतात. काम होईपर्यंत मी काचा उघड्या ठेवूनच गाडी चालवली, आणि घाट उतरताना पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये राहून ब्रेकचा वापर शक्य तितका कमी ठेवला.

पहिले गॅरेज हमरस्त्यावरचे होते. तिथल्या कारागिराने चाक न काढता, नुसते वाकून पाहून, पुढच्या दोन्ही डिस्क (चाकासोबत फिरणाऱ्या तबकड्या) आणि चारही पॅड (तबकडीवर दाबले जाणारे ब्रेकचे तुकडे) बदलावे लागतील असे सांगितले. डिस्क का, असे विचारल्यावर ‘साहेबांना पाठवा, त्यांना समजावून सांगतो’ असे उत्तर मिळाले. गाडी मी चालवते, पैसे मी देणार आहे आणि घाट मलाच उतरायचा आहे. तेव्हा मला समजावण्याची तयारी नसलेल्या माणसाकडे काम देण्यात अर्थ नव्हता. सायलेन्सरविषयी त्याने आणखी पुढचा सल्ला दिला: मधला कॅटलिटिक कन्व्हर्टर काढून साधा पाइप टाकू, गाडीला ॲव्हरेज वाढेल. धुरातील विषारी वायू कमी करणाऱ्या या डब्यात प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम हे मौल्यवान धातू असतात आणि जुना डबादेखील चांगल्या किमतीला विकला जातो. तो काढून टाकला की विषारी वायू तसेच बाहेर पडतात आणि गाडी प्रदूषण तपासणीच्या मर्यादेत राहणे अवघड होते. चालत्या गाडीचा कन्व्हर्टर काढण्याचा सल्ला कोणी आपणहून दिला, तर माझ्या मते तिथून किल्ली घेऊन निघावे हे उत्तम.

त्यानंतर अमरावतीच्या एका मोठ्या सर्व्हिस सेंटरमध्ये विचारणा केली. तिथे यंत्रे चांगली होती आणि बोलणे सभ्य होते, परंतु काम चालू असताना ग्राहकाला आत जाता येत नव्हते, आणि खर्चाच्या अंदाजपत्रकात मी न सांगितलेल्या बऱ्याच बाबी आल्या होत्या. अप्रामाणिक म्हणण्यासारखे काही मला आढळले नाही. तरीही जे झिजले आहे ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे ही माझी अट होती, आणि ती तिथे पूर्ण होत नव्हती.

मग मी पाटी पाहून शोधणे सोडले आणि घाटात रोज चालणाऱ्यांना विचारू लागले. परतवाड्याहून धारणीकडे प्रवासी जीप नेणारे, संत्र्याची पिकअप चालवणारे, आरोग्य केंद्राच्या रुग्णवाहिकेचे चालक या सर्वांची पोटे ब्रेकवर अवलंबून आहेत. त्यांना ‘चांगला मेकॅनिक कोण?’ असे न विचारता ‘तुमच्या स्वतःच्या गाडीचे ब्रेक कोण खोलतो?’ असे विचारले. पहिल्या प्रश्नाला लोक ओळखीचे नाव सांगतात, दुसऱ्याला अनुभवाचे. वेगवेगळ्या तोंडून एकच नाव आले. ते गॅरेज गावाच्या कडेला, टिनाच्या शेडखाली होते.

तिथल्या मिस्त्रींनी माझे सर्व ऐकून घेतले, ओढ उजवीकडे की डावीकडे हे दोनदा विचारले आणि म्हणाले, “ताई, आधी चाक काढू, मंग बोलू.” जॅकवर उचललेल्या गाडीखाली त्यांनी लोखंडी स्टँड लावले, नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरणारा माणूस इतर बाबतीतही घाई करतो, असे माझे मत झाले आहे. पुढचे डावे चाक निघाल्यावर त्यांनी दोन्ही पॅड माझ्या तळहातावर ठेवले. बाहेरच्या पॅडवर डिस्कला घासणाऱ्या मसाल्याचा जाड थर शिल्लक होता, तर आतल्या पॅडचा थर इतका थोडा उरला होता की लोखंडी पट्टी डिस्कला टेकायच्या बेतात होती. “आतला खाल्ला अन् बाहेरचा तसाच हाये, म्हंजे पिन जाम हाये,” ते म्हणाले. पॅडना डिस्कवर दाबणारा कॅलिपर ज्या दोन पिनांवर सरकतो, त्यांपैकी खालच्या पिनेचे रबरी बूट फाटले होते, आत चिखलाचे पाणी जाऊन ग्रीस वाळले होते आणि पिन गंजून अडकली होती. त्यामुळे डावे चाक पुरेसे धरत नव्हते, उजवे धरत होते, आणि गाडी उजवीकडे ओढत होती. इथे कोणी नुसते पॅड बदलून दिले असते तर आवाज बंद झाला असता, ओढ तशीच राहिली असती आणि नवे पॅडही तसेच वाकडे झिजले असते.

डिस्कचा प्रश्नही त्यांनी मोजून सोडवला. बहुतेक डिस्कवर किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो. तो त्यांनी ब्रशने घासून मला वाचायला लावला आणि मायक्रोमीटरने चार ठिकाणी जाडी मोजून दाखवली. जाडी मर्यादेच्या बरीच वर होती, पायाला पेडलमध्ये थरथर जाणवत नव्हती, म्हणजे डिस्क बदलण्याचे कारण नव्हते. पॅड मात्र दोन्ही बाजूंचे एकत्रच बदलले पाहिजेत, हे त्यांनी स्पष्ट केले. मागच्या चाकांचे ब्रेक ड्रमही उघडले, कारण आतला व्हील सिलिंडर (ब्रेक ऑइलच्या दाबाने ब्रेक ढकलणारा भाग) गळत असेल तर लायनर, म्हणजे ड्रमला घासणाऱ्या पट्ट्या, ऑइलने भिजतात आणि बाहेरून ते दिसत नाही. आमचे कोरडे निघाले; साफसफाई आणि हँडब्रेकची केबल ताणणे एवढ्यावर भागले. ब्रेकची धूळ त्यांनी हवेच्या पाइपने उडवली नाही, क्लीनर मारून धुतली. ही धूळ श्वासात जाऊ नये, म्हणून मला ते महत्त्वाचे वाटले.

ब्रेक ऑइलविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण घाटात चालवणाऱ्यांनीही याकडे दुर्लक्ष केलेले मी पाहिले आहे. हे ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. डॉट ४ प्रतीचे नवे ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असे मानक आहे. ओलावा शोषल्यावर हीच मर्यादा १५५ अंशांवर येते, आणि डॉट ३ मध्ये हे आकडे २०५ आणि १४० आहेत. लांब उतारावर सतत ब्रेक दाबला की कॅलिपर तापतो, जुने ऑइल उकळून त्याची वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल तळाला जाते. ब्रेक फेल झाला असे आपण म्हणतो, त्यातील काही प्रकार हेच असतात. आमचे ऑइल काळपट झाले होते. मिस्त्रींनी नुसती वरून भर न घालता, गाडीतल्या ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणावरची प्रत पाहून, सीलबंद डबा माझ्यासमोर फोडून चारही चाकांतून जुने ऑइल आणि हवा काढली, आणि तारीख लिहिलेला कागद त्या टाकीजवळ चिकटवला.

सुटे भाग त्यांनी मलाच आणायला सांगितले. पार्ट नंबर लिहून दिला, छापील किंमत आणि वेष्टन पाहून घ्या असे बजावले. बिल माझ्या नावाचे आणि जीएसटी क्रमांकाचे घेतले. मजुरीची पावतीही कामाच्या तपशिलासह मागितली आणि त्यांनी कुरकूर न करता दिली. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली आपण जिथे राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते आणि १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. परंतु हातात पावती नसेल तर काय काम केले आणि कोणता भाग टाकला हे दाखवणे फार कठीण जाते. जुने भाग पिशवीत घालून परत मिळाले, हेही नोंदवते.

सायलेन्सरचे काम दुसऱ्या दिवशी, इंजिन थंड असताना केले. गाडी सुरू करून, मागच्या नळीच्या तोंडाशी जाड फडके क्षणभर दाबून धरले की गळतीच्या जागी फुसफुस ऐकू येते. मधल्या जोडाच्या पॅकिंगजवळ काजळीचा काळा पट्टा होता, आणि मागच्या डब्याची खालून गंजून चाळण झाली होती. थोड्या अंतराच्या फेऱ्यांमध्ये पाइप पुरता तापत नाही, जळणातून तयार झालेले पाणी आत साचते आणि गंज आतून सुरू होतो. गावातल्या गावात फिरणाऱ्या गाड्यांचे सायलेन्सर यामुळेच लवकर जातात. डबा ठिगळ लावण्याच्या पलीकडे गेल्याने नवा घेतला, पॅकिंग आणि पाइप टांगून धरणारे रबर बदलले, आणि पाइपला एका जागी वेल्डिंग करावे लागले. वेल्डिंगपूर्वी त्यांनी बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल सोडले, जेणेकरून इंजिनच्या संगणकाला धक्का बसू नये, आणि जवळून जाणाऱ्या ब्रेकच्या व पेट्रोलच्या नळ्यांवर पत्रा आडवा धरला. कन्व्हर्टरला त्यांनी हात लावला नाही.

नंतर पीयूसी काढली. भारत स्टेज ४ या प्रदूषण मानकाच्या पेट्रोल गाडीला, ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन नुसते चालू असताना, कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.३ टक्के आहे आणि आमची गाडी तिच्या आत बसली. मात्र फुटक्या सायलेन्सरमधून बाहेरची हवा मिसळली तर तपासणीचे आकडे बदलतात, म्हणून पीयूसी मिळाली एवढ्यावरून गळती नाही असे धरू नये. जोड आधी पाहावेत आणि मगच तपासणीला जावे.

गाडी परत देण्यापूर्वी मिस्त्रींनी मला शेजारी बसवून सपाट रस्त्यावर फेरी मारली, मग मला चालवायला देऊन हात स्टिअरिंगवर हलका ठेवून ब्रेक दाबायला सांगितले. गाडी सरळ थांबली. नवे पॅड डिस्कवर बसेपर्यंत एकदम जोराने ब्रेक मारू नका, असे सांगून शेवटी म्हणाले, “एबीएसचा दिवा लागला त मायापाशी नोका येऊ, मायापाशी स्कॅनर नाही. अमरावतीला जा, हा कागद दाखवा.” (एबीएस म्हणजे ब्रेक दाबताना चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा.) त्या कागदावर पॅडचा पार्ट नंबर, डिस्कची मोजलेली जाडी, ऑइलची प्रत आणि तारीख त्यांच्या अक्षरात लिहिलेली आहे. तो मी आरसी बुकासोबत गाडीतच ठेवला आहे. दोन्ही पिनांचे रबरी बूट पुढच्या पावसाळ्याआधी पुन्हा पाहून घ्यायचे, हे त्याच्या खाली मी लिहून ठेवले आहे.