फुकुओकातली मोरी

जपानी माणूस टबात उतरतो तो अंघोळ उरकल्यावर. न्हाणीघरात आधी बुटक्या स्टुलावर बसायचं, छोट्या भांड्याने अंगावर पाणी घ्यायचं, साबण लावायचा, तो पार धुऊन काढायचा आणि मग स्वच्छ अंगाने गरम पाण्यात गळ्यापर्यंत बुडून बसायचं. स्टूल म्हणजे आपला पाट आणि भांडं म्हणजे तांब्या. नाशिकला सिडकोतल्या आमच्या जुन्या घरातली मोरी मला थेट जपानात, मी राहते त्या फुकुओका शहरात सापडली. नाशिकच्या नव्या फ्लॅटमधून मात्र ती हद्दपार झाली आहे. तिथे काचेच्या आड शॉवर असतो आणि बादली ठेवायला जागाच नसते.

टबात दोनशे लिटरच्या आसपास पाणी मावतं. हे ऐकून आई म्हणाली, "एवढ्यात आपल्या सगळ्या घराच्या अंघोळी होतील की गं!" इथेही सगळ्या घराच्याच होतात. अंग आधीच धुतलेलं असल्याने पाणी मळत नाही, म्हणून एकामागोमाग एक सगळे त्याच पाण्यात बसतात. मधल्या वेळात टबावर झाकण ठेवतात, त्यामुळे ऊब टिकते. शेवटच्याचं झालं तरी पाणी सोडून देत नाहीत. कपड्यांच्या बऱ्याच मशीनना एक जास्तीची नळी असते, तिचं टोक टबात सोडलं की मशीन ते कोमट पाणी ओढून घेतं. साबणाचं धुणं त्या पाण्यात, खळबळणं ताज्या पाण्यात. अर्थात एकट्या माणसाने रोज टब भरणं ही निव्वळ उधळपट्टी. मी एकटीच राहते, त्यामुळे माझं स्टूल आणि तांब्यावर छान भागतं.

फुकुओकाच्या लोकांना पाण्याची एवढी कदर का, याचं उत्तर १९७८ सालात आहे. त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला आणि शहरात २८७ दिवस पाणी ठरावीक वेळेतच येत होतं. शहराच्या हद्दीत मोठी नदी नाही. त्यानंतर इथल्या पालिकेने जे केलं ते वाचताना मला सारखा नाशिकचा गंगापूर रोड आठवत होता. १९८० पासून सांडपाणी शुद्ध करून मोठ्या इमारतींच्या फ्लशसाठी ते वेगळ्या पाइपने द्यायला सुरुवात झाली. १९८१ मध्ये एक नियंत्रण केंद्र उभं राहिलं. तिथे बसून चोवीस तास जलवाहिन्यांमधला दाब पाहतात आणि दूरवरूनच व्हॉल्व्ह कमी-जास्त करतात. परिणाम असा, की पाइपांमधून गळून जाणारं पाणी आज जेमतेम दोन टक्क्यांच्या आसपास आहे. घरातल्या नळात बसवायचा एक चिमुकला वायसरही आहे. नळ अर्धाच उघडला तर धार बारीक येते, पूर्ण उघडला तर हवं तेवढं पाणी मिळतं.

आपल्याला नाशिककरांना वाटतं, गंगापूर धरण डोक्याशी आहे, काळजी कसली? ऑगस्टमध्ये गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेपर्यंत पाणी चढलं की मे महिना विसरायला होतो. आणि पाऊस कमी झाला की खालच्या जायकवाडी धरणाला किती सोडायचं यावरून भांडण ठरलेलं.

फ्लशचीही इथे एक गंमत आहे. टोटो ही शौचालयांची कंपनी इथून जवळच्या कोकुरातली, १९१७ सालची. सार्वजनिक शौचालयात आवाज बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून बायका पुन्हा पुन्हा फ्लश ओढायच्या आणि पाणी फुकट जायचं. त्यावर या कंपनीने १९८८ मध्ये पाण्याचा नुसता आवाज काढणारं यंत्र काढलं. लाज आपल्या जागी राहिली, पाणी वाचलं. लोकांना उपदेश करण्यापेक्षा हा उपाय मला जास्त शहाणपणाचा वाटतो. घरांमध्ये फ्लशच्या टाकीवरच छोटं बेसिन असतं. टाकी भरायला येणारं पाणी आधी नळातून पडतं, त्यात हात धुवायचे, तेच पाणी पुढच्या फ्लशला. नाशिकच्या घरी हे बसवायला भिंत फोडायला नको. पण त्याआधी टाकी गळते का ते पाहा. टाकीत खाण्याचा रंग घालायचा आणि अर्धा तास फ्लश करायचा नाही. भांड्यात रंग उतरला तर आतलं रबर गेलं.

आता थोडं गणित. बादलीभर, म्हणजे वीस लिटर पाणी वीस अंशांवरून चाळीसवर न्यायला साधारण अर्धा युनिट वीज लागते. मिनिटाला दहा लिटरचा शॉवर दहा मिनिटं चालला, तर सव्वादोन युनिटच्या वर. पर्यावरणासाठी बांबूचा टूथब्रश जरूर घ्या, माझ्याकडेही आहे. पण हा फरक तो ब्रश कधीच भरून काढणार नाही. ज्यांच्या गच्चीवर सोलर हीटर आहे त्यांचं वीजबिल वाचतं, पण गरम पाणी खाली येईपर्यंत किती गार पाणी जाळीत जातं? ते बादलीत धरा. फरशीला, झाडांना चालतं.

फरशीवरून आठवलं. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग घालवायला आपल्याकडे सर्रास ॲसिड ओततात. इथे शंभर येनच्या दुकानात सायट्रिक ॲसिडची पुडी मिळते, म्हणजे आपलं लिंबूसत्त्व. कोमट पाण्यात विरघळवून लावलं आणि थोडा वेळ थांबलं की क्षार सुटतात. संगमरवरावर मात्र नको, आणि ब्लीचमध्ये तर कधीच मिसळू नका, विषारी वायू होतो. गटारात गेलेलं सगळं शेवटी टाकळी किंवा तपोवनच्या सांडपाणी केंद्रांत शुद्ध होऊन गंगेलाच, म्हणजे आपल्या गोदावरीलाच मिळायचं असतं, आणि तिथली घाण खाणारे जिवाणूही ॲसिडला घाबरतात.

इथे प्रत्येक फ्लॅटला स्वतंत्र मीटर आहे आणि दर दोन महिन्यांनी बिल येतं. आमच्या नाशिकच्या सोसायटीत पाण्याचा खर्च मेंटेनन्समध्ये सगळ्यांत सारखा वाटला जातो, त्यामुळे कोणाचा नळ किती वाहतो हे कोणालाच कळत नाही. दिवाळीत आले की मीटिंगमध्ये हाच विषय काढणार आहे, असं बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "काढ. पार्किंगचं भांडण मिटलं तर तुझा नंबर लागेल."