अंगणवाडीत नाव घालताना: माझा अनुभव

मूल तीन वर्षांचं झालं की जून उजाडायची वाट पाहायची, अशी बहुतेक घरांत समजूत असते. शाळेचं तसं असतं, अंगणवाडीचं नाही. इथे नाव वर्षभरात कधीही घालता येतं. खरं तर बाळ पोटात असतानाच आईच्या नावाने नोंद झालेली असते. गरोदर, स्तनदा, सहा महिने ते तीन वर्षं आणि तीन ते सहा वर्षं अशा याद्या सेविका म्हणून मी रोज हाताळते. त्यामुळे ज्याला आईवडील प्रवेश म्हणतात तो बहुतेक वेळा एका यादीतून दुसऱ्या यादीत जाण्याचा प्रकार असतो. फी नाही, उत्पन्नाचा दाखला नाही, रेशनकार्डाचा रंग बघायचा नाही. दारिद्र्यरेषेची अट लावू नका, हे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्येच सांगून ठेवलंय.

येताना चार गोष्टी आणा: मुलाचा जन्मदाखला, आईचं आधार, त्या आधारला जोडलेला मोबाइल आणि माता-बाल संरक्षण कार्ड. शेवटच्याचा लोकांना विसर पडतो, पण लसी आणि आधीची वजनं त्यावरच असतात. ही कागदं नोंदीसाठी आहेत, मुलाला आत बसवण्यासाठी नाहीत. आधार नाही म्हणून लहान मुलाचा लाभ अडवता येत नाही, असा २०१८ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे. पोषण ट्रॅकर या आमच्या सरकारी ॲपवर मुलाचं आधार नसेल तर आईच्या आधारवर नोंद होते. मूल त्या दिवसापासून बसू द्या, कागद मागाहून येतील.

खरा घोळ असतो तो नावाचा. बाळंतपणानंतर लगेच नोंद झाली की दाखल्यावर मुलाच्या नावाची जागा कोरी राहते, फक्त आईवडिलांची नावं असतात. पुढे बारसं होतं, घरात एक नाव रुळतं, आधार काढताना आणखी तिसरंच लिहिलं जातं. एकाच मुलीच्या दाखल्यावर नाव नाही, आधारवर ‘स्वरांजली’, लसीच्या कार्डावर ‘स्वरा’, आणि मी हजेरी घेताना हाक मारली की ती ओळखते फक्त ‘छकुली’ला, अशी उदाहरणं दर वर्षी असतात. दाखल्यावर नाव घालून घ्यायचं काम ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत होतं. जन्मनोंदणीपासून एक वर्षाच्या आत फुकट, त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. आधी दाखला नीट करा, मग त्यावरून आधार. उलट केलंत की दोन्ही ठिकाणी दुरुस्तीच्या खेपा घालाव्या लागतात. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी तर शाळाप्रवेशापासून पुढे सगळीकडे जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागणार आहे.

जन्माची नोंदच झालेली नसेल तर मात्र वेळ लावू नका. २१ दिवसांत मोफत होते, पुढे ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क, मग वर्षभरापर्यंत वरची परवानगी आणि स्वतः सही केलेला कागद, आणि वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश. शेवटच्या टप्प्यात अडकलेल्या घरांना मी एवढंच सांगते की अर्ज करून पोच घ्या आणि मूल अंगणवाडीत येऊ द्या.

पाच वर्षांखालच्या मुलाचं आधार निळं असतं. त्यात बोटांचे ठसे नसतात, ते आईच्या किंवा वडिलांच्या आधारला जोडलेलं असतं. पाच पूर्ण झाल्यावर ठसे आणि डोळ्यांचं स्कॅन द्यावं लागतं. हे राहून जातं आणि पहिलीत गेल्यावर उपटतं.

ॲपमध्ये नोंद करताना सगळ्यात महाग पडते ती जन्मतारखेची चूक. साल एकाने पुढे गेलं तर साडेतीन वर्षांचं मूल अडीच वर्षांचं होतं आणि ‘तीन ते सहा’ ऐवजी टीएचआरच्या, म्हणजे घरी न्यायच्या आहाराच्या यादीत जाऊन बसतं. समोर मूल बसलेलं असतं, पण हजेरीच्या यादीत नाव येत नाही. शिवाय वयानुसार वजन काढताना तेच मूल छान गुटगुटीत दिसतं. म्हणून नोंद झाली की सेविकेला मोबाइलची स्क्रीन दाखवायला सांगा आणि तारीख स्वतः वाचा. त्यात काही वावगं नाही, मला तर बरंच वाटतं.

तीन वर्षांखालच्या भावंडासाठी टीएचआर घेत असाल तर चेहरा पडताळणी आहे. २०२५ च्या जुलैपासून ती सक्तीची झाली. त्याआधी एकदा ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणं होतं आणि ओटीपी आधारला जोडलेल्या नंबरवर जातो. तो नंबर नवऱ्याचा असतो आणि नवरा कामावर असतो. दुपारी त्याला फोन लावून आकडे विचारेपर्यंत ओटीपीची मुदत संपते. यावर उपाय एकच, आईच्या आधारला आईचाच नंबर जोडून घ्या. फोटोच्या वेळी दाराकडे पाठ करून उभं राहू नका, चेहऱ्यावर उजेड समोरून पडायला हवा.

मूल यायला लागलं की पहिल्या दिवसांतच वजन-उंची होते आणि पुढे दर महिन्याला. हे काम आईवडील फार हलक्यात घेतात. काटा सपाट फरशीवर हवा, शून्यावर हवा. मुलाच्या अंगावर कमीत कमी कपडे, पायात चपला-पैंजण नकोत. दोन वर्षांपर्यंत लांबी आडवं झोपवून घेतात, त्यापुढे उभं करून उंची. उभं करताना टाचा, कुल्ले, खांदे, डोक्याची मागची बाजू फळीला टेकलेली आणि नजर समोर. मुलींच्या डोक्यावर वर बांधलेली शेंडी किंवा मोठी क्लिप असेल तर ती काढायची, नाहीतर उंची सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरने फुगते. मग त्याच वजनाला ती मुलगी काट्यावर ठीक असूनही उंचीच्या मानाने बारीक ठरते. उलट मूल गुडघे वाकवून उभं राहिलं तर उंची कमी येते आणि खरोखर कुपोषित मूल सुटून जातं. ही दुसरी चूक जास्त घातक.

दंडाचा घेरही पट्टीने मोजतो. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली आला तर मूल तीव्र कुपोषित, म्हणजे सॅम. साडेअकरा ते साडेबारामध्ये मध्यम, म्हणजे मॅम. सॅम निघालं आणि भूक मंदावलेली, ताप किंवा सूज असेल तर पोषण पुनर्वसन केंद्रात भरती करायला सांगतो. आया इथे बिचकतात. घरची कामं, दुसरं मूल, मजुरी बुडते, सगळं खरं आहे. पण न जेवणारं सॅम मूल घरी ठेवायची जोखीम मी कुणाला घेऊ देत नाही.

आहाराचं माप ठरलेलं आहे. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला दिवसाला ठरावीक किलोकॅलरी आणि प्रथिनं, सकाळचा नाश्ता आणि गरम ताजा आहार मिळून. तीव्र कुपोषित मुलाला त्याहून जास्त. वर्षाला ३०० दिवस. आदिवासी भागात अमृत आहार योजनेतून अंडी किंवा केळी वेगळी. हा अन्न सुरक्षा कायदा, २०१३ मधला हक्क आहे, मेहेरबानी नाही. आहार आला नाही तर आधी सेविकेला, मग पर्यवेक्षिकेला, मग बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांना लेखी द्या. तोंडी तक्रार कुठेच टिकत नाही. डबा भरून घरी न्यायचा आग्रह मात्र धरू नका, मूल तिथे बसून जेवलं तरच ते त्याच्या पोटात जातं.

शिक्षणाबद्दल पालकांची पहिली तक्रार ठरलेली: ‘बाई, नुसतंच खेळवता, वही कधी भरणार?’ तीन वर्षांच्या मुलाच्या बोटांत पेन्सिल धरायचं बळ नसतं. आमच्या ‘आकार’ अभ्यासक्रमात म्हणूनच आधी मणी ओवणं, कागद फाडून चिकटवणं, मातीचे गोळे, चिंचोक्यांची रास करून ‘जास्त कुठे, कमी कुठे’ हे येतं. चिंचोके वाटून घेताना भांडणारं मूल गणितच करत असतं. पहिला आठवडा रडण्यात जातो. आईने अर्धा तास बसावं आणि जाताना सांगून जावं. नजर चुकवून पळालात तर दुसऱ्या दिवशी मूल उंबऱ्यातूनच मागे फिरतं.

ऊसतोडीला, वीटभट्टीला जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट फार महत्त्वाची. गाव सोडण्याआधी सेविकेला सांगा. ॲपमध्ये स्थलांतराची सोय आहे, तिथून नोंद नव्या ठिकाणी जाते. न सांगता गेलात आणि तिथल्या ताईंनी नव्याने नाव घालायला घेतलं, तर हे आधार आधीच नोंदलेलं आहे असं ॲप म्हणतं आणि गाडं तिथेच अडतं. मग दोन्हीकडच्या सेविकांनी फोनवर बोलून ते सोडवायचं, तोवर पंधरा दिवस गेलेले. माता-बाल संरक्षण कार्ड कपड्यांच्या बोचक्यात नको, प्लॅस्टिकच्या पिशवीत वर ठेवा. आणि जिथे मुक्काम पडलाय तिथे अंगणवाडीच नसेल, पण सहा वर्षांखालची किमान ४० मुलं असतील, तर वस्तीने मिळून मागणी करता येते. डिसेंबर २००६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार मागणीपासून तीन महिन्यांत केंद्र द्यायचं असतं. अर्जाला मुलांची नावं, वयं आणि पालकांच्या सह्या-अंगठे जोडा; नुसती संख्या लिहिलेला अर्ज फिरून परत येतो.

सहा वर्षं पूर्ण झाली की मूल आमच्या यादीतून निघतं. पहिलीत नाव घालायला जाण्याआधी जन्मदाखला, आधार आणि आमच्या रजिस्टरमधलं नाव एकदा समोरासमोर ठेवून वाचून घ्या, मे महिन्यातच. जूनमध्ये तलाठी कार्यालयापासून आधार केंद्रापर्यंत सगळीकडे रांग असते.