४० लाखांच्या देशातली १० लाख तिकिटं

नाताळात नॉर्वेच्या टीव्हीवर 'फ्लोक्लीपा ग्राँप्री' लागतो, आणि एरवी लिफ्टमध्ये शेजाऱ्याकडेही न बघणारे लोक संवाद तोंडपाठ म्हणू लागतात. १९७५ चा हा बाहुल्यांचा चित्रपट. नॉर्वेची लोकसंख्या तेव्हा ४० लाख आणि पहिल्याच वर्षात तिकिटं खपली १० लाख. त्या काळच्या महाराष्ट्राला हेच प्रमाण लावलं तर सव्वा कोटी होतात!

दिग्दर्शक इव्हो काप्रिनो (१९२०–२००१). वडील इटालियन, फर्निचर बनवणारे. आई इंगेबोर्ग गुडे, चित्रकार हान्स गुडे यांची नात. १९६३ मध्ये ती जाईपर्यंत त्याच्या बाहुल्या तीच करायची. १९४९ च्या पहिल्या लघुपटासाठी त्याने बाहुल्या यंत्राने थेट चालू कॅमेऱ्यासमोर हलवायची युक्ती काढली. लोक चक्रावले, पण यंत्र काय ते त्याने सांगितलं नाही. पुढे तो साध्या स्टॉप मोशनकडे (बाहुली जराशी हलवायची, एक चौकट टिपायची, पुन्हा हलवायची) वळला आणि तेही सांगितलं नाही! जुनी जादूच चालू आहे, असा समज राहू दिला. आपली टिमकी वाजवणं ज्या देशात असभ्य समजतात, तिथे हा माणूस इतका पक्का नाटकी निघावा, याचं मला भारी कौतुक वाटतं. खोटेपणा म्हणा हवं तर. मी म्हणणार नाही.

कारण खरं काम जादूहून किचकट होतं. सेकंदाला २४ चौकटी, चित्रपट ८८ मिनिटांचा, म्हणजे सव्वा लाखाहून जास्त चौकटी. एका पवित्र्याच्या दोन-दोन चौकटी घेतल्या तरी साठ हजारांवर वेळा बाहुलीला हात लावायचा. पाय खालून पक्का केलेला नसला की बाहुली कलते. टेबलाला धक्का लागला की अख्खा शॉट पुन्हा. विजेचा दाब कमी-जास्त झाला की पडद्यावर उजेड लुकलुकतो. चित्रपटातला साळिंदरासारखा काटेरी लुडविग किंवा पिसांचा सोलान हाताळताना बोटांनी काटे-पिसं विस्कटतात आणि पडद्यावर ती वळवळताना दिसतात. तेव्हा मॉनिटर नव्हता. चूक कळायची ती फिल्म लॅबमधून धुऊन आल्यावर.

हे सगळं जेमतेम पाच जणांनी, साडेतीन वर्षांत केलं. गाड्या आणि सेट ब्यार्ने सान्देमुसेने उभारले. त्याआधी लेखक-व्यंगचित्रकार शेल आउक्रुस्तच्या याच पात्रांवर टीव्हीसाठी २५ मिनिटांचा कार्यक्रम बनत होता. दीड वर्ष घातल्यावर लक्षात आलं, की नुसते प्रसंग आहेत, गोष्ट नाही. तो तिथेच थांबवला आणि तयार बाहुल्या-सेटसाठी नवी पटकथा लिहिली, सायकल दुरुस्त करणाऱ्या रेओडोरच्या मोटार शर्यतीची. हा निर्णय मला सगळ्यात मोठा वाटतो.

'तुमच्याकडे असलं काही?' असं कुणी विचारलं तर बिनदिक्कत फाळक्यांचं नाव घ्यावं. काप्रिनोच्या जन्माआधीच त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याची वाढ चौकट-चौकट टिपली होती. पुढे आपण तो धागा फारसा धरला नाही, हे खरं. पण पाच माणसांना साडेतीन वर्षं पोसणारा निर्माता आपल्याकडे कुठून यायचा?

आणि 'तिथे काय, सरकार पैसे देतं' हेही पुरतं खरं नाही. काप्रिनोला नॉर्वेच्या लोककथांवर पूर्ण लांबीचा चित्रपट करायचा होता. पैसे उभे राहिले नाहीत. शेवटी त्यातल्या कथा त्याने सोळा-सोळा मिनिटांचे सुटे लघुपट म्हणून काढल्या.