तुम्ही विचारलंत म्हणून: निओप्रीन ओततात कसं?

बाहुल्यांच्या खेळासाठी मी बनवलेलं बाहुलीचं डोकं हातात घेतलं की लोक आधी त्यावर टिचकी मारून बघतात. मग विचारतात, "फायबर का हो?" नाही, निओप्रीन, असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "म्हणजे पाणबुड्यांच्या सूटचं ते कापड? ते ओतणार कसं?"

सूटमध्ये असतो तो निओप्रीनचा फोम. माझ्याकडे येतं ते पातळ, दुधाळ लॅटेक्स, म्हणजे पाण्यात तरंगणारे रबराचे बारीक कण; पण रबराच्या झाडाशी त्याचा काही संबंध नाही. अमेरिकेत ड्यूपाँटच्या प्रयोगशाळेत १९३० साली तयार झालेलं हे कृत्रिम रबर. चपलेचा तळ चिकटवायचं पिवळसर सोल्यूशन तुम्ही पाहिलं असेल, तेही बहुतेक वेळा याच रबराचं असतं. ओतकामाच्या लॅटेक्समध्ये खनिजाची बारीक पूड, म्हणजे फिलर, मिसळलेला असतो. फिलर जास्त तर डोकं कडक, कमी तर लवचीक.

पण निम्मं काम साचाच करतो. साचा प्लॅस्टर ऑफ पॅरिसचाच लागतो, सिलिकॉनचा चालत नाही. १०० ग्रॅम प्लॅस्टर घट्ट व्हायला रासायनिकदृष्ट्या १८-१९ ग्रॅम पाणी पुरतं. आपण घालतो ७०च्या आसपास, नाहीतर ते ओतताच येणार नाही. जास्तीचं पाणी वाळून जातं आणि त्याच्या जागी न दिसणारी छिद्रं राहतात. लॅटेक्समधलं पाणी ही छिद्रं ओढून घेतात. शिवाय प्लॅस्टरमधल्या कॅल्शियममुळे लॅटेक्स गोठतं. त्यामुळे साच्याच्या भिंतीला आतून थर धरतो, तापवलेल्या दुधावर साय धरते तसा. म्हणूनच साच्याला आतून साबण, तेल, व्हॅसलीन काहीही लावायचं नाही. गणपतीच्या कारखान्यात काम केलेल्यांचा हात सवयीने तेलाकडे जातो, त्यांना हे दोनदा सांगावं लागतं.

साच्याचे दोन भाग रबरी पट्ट्यांनी करकचून बांधायचे आणि वरच्या तोंडातून सावकाश, एका धारेत ओतायचं. घाई केली की नाकाच्या शेंड्यात बुडबुडा अडकतो, हमखास तिथेच. पाणी शोषलं जाईल तशी पातळी खाली जाते, म्हणून वरून भर घालत राहायचं. मग कडेला बोटाने थोडं बाजूला सारून थराची जाडी बघायची. छोट्या डोक्याला दोन-तीन मिलिमीटर पुरे. तेवढी झाली की उरलेलं पुन्हा डब्यात. साचा उलटा करून निथळू द्यायचा आणि रात्रभर हात लावायचा नाही. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा. हे लॅटेक्स चांगलंच अल्कधर्मी असतं आणि कातडीला झोंबतं.

वाळताना डोकं आकसतं. त्यामुळे ते साच्यातून सहज सुटतं हे खरं, पण फिलर कमी असेल तर दहा टक्क्यांपर्यंतही घट येऊ शकते. बाहुलीला ते चालून जातं. मुखवटा मात्र माणसाच्या चेहऱ्यावर बसायचा असतो, म्हणून मातीतलं मूळ शिल्पच थोडं मोठं करावं लागतं.

मला हे आवडतं ते पुढच्या कामासाठी. डोकं आतून पोकळ, वजनाला हलकं. जोडाची रेघ पॉलिश पेपरने जाते. जबडा सर्जिकल ब्लेडने कापून वेगळा करायचा, आतून चामड्याची पट्टी सोल्यूशनने चिकटवायची, की तोंड उघड-मीट करू लागतं. अ‍ॅक्रिलिक रंग छान धरतो. खेळ चालू असताना डोकं हातून पडलं तरी टवका उडत नाही. आमच्या धंद्यात ही मोठीच गोष्ट.

तरीही "मी घरी करू का?" असं विचारलंत तर बहुतेकांना मी नको म्हणते. एकच बाहुली करायची असेल तर कागदाचा लगदा उत्तम, स्वस्त आणि सुंदर. साचा करण्याची मेहनत फिटते ती एकाच चेहऱ्याच्या दहा-बारा प्रती हव्या असतात तेव्हा: वानरसेना, वऱ्हाडी, एकाच नायकाची जास्तीची डोकी. शिवाय हे लॅटेक्स विकलं जातं मुख्यतः कारखान्यांना, ड्रमच्या हिशोबात. किलोभर मागणाऱ्याला दुकानदार उभंही करत नाही.

आणि करायचंच ठरवलंत तर दिवाळीनंतर सुरू करा, मृगाच्या आधी आवरा. मुंबईच्या जुलैत साचा वाळत नाही, आणि ओला साचा पाणी ओढत नाही. तो गरम करून वाळवायचा मोह होतो, पण पन्नास अंशांच्या वर गेलात तर प्लॅस्टरच भुसभुशीत होतं. पंख्याखाली ठेवा आणि तोवर जबडे कापत बसा.